वाचक विचारतात : पडद्यावरचा हिरा आणि हातातली पावती

हिऱ्याच्या दागिन्यांची ऑनलाइन खरेदी या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून विक्रेत्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मार्गशीर्षात मुलीचे लग्न आहे. सोन्याचे दागिने आमच्या नेहमीच्या सराफांकडे करायला टाकले आहेत. मुलीला मात्र हिऱ्यांचे पेंडंट हवे असून तिने ते एका संकेतस्थळावर पसंत केले आहे. तेथे ‘१८ कॅरेट सोने, ०.६० कॅरेट हिरे, एसआय-आयजे’ असे लिहिले आहे. त्याच पेंडंटला ‘व्हीव्हीएस-ईएफ’ निवडले की किंमत बरीच वाढते. घडणावळीवर पूर्ण सूट आहे. दागिना हातात न घेता एवढी रक्कम भरावी का, आणि भरायची झाल्यास नेमके काय पाहावे?
— एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : आपल्या पत्रात ‘कॅरेट’ हा शब्द दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे. सोन्याचे कॅरेट म्हणजे शुद्धता : २४ भागांपैकी १८ भाग सोने, म्हणजे ७५ टक्के; म्हणून अशा दागिन्यावर ७५० हा आकडा असतो. हिऱ्याचे कॅरेट म्हणजे वजन : एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. तेव्हा आपल्या पेंडंटमध्ये ६० सेंट हिरे आहेत, एवढे त्या ओळीवरून कळते. ते किती खड्यांचे मिळून आहेत हे मात्र कळत नाही, आणि किंमत ठरते ती तेथेच.

साठ सेंटांचा एकच गोल हिरा असेल तर त्याचा व्यास साधारण ५.४ मिलिमीटर भरतो. तेवढेच वजन दोन-दोन सेंटांच्या तीस खड्यांचे असेल, तर प्रत्येक खडा जेमतेम १.७ मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा असतो. मोठा खडा निघेल असा कच्चा हिरा दुर्मीळ असल्यामुळे आकार वाढतो तसा नुसता भाव वाढत नाही, तर दर कॅरेटचा भावही चढत जातो. म्हणून एका खड्याचे ६० सेंट आणि तीस खड्यांचे ६० सेंट यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. संकेतस्थळावरचे चित्र अनेकदा संगणकावर तयार केलेले आणि कितीतरी पट मोठे केलेले असते, त्यामुळे मोहरी तेथे हरभऱ्याएवढी दिसते. खड्यांची संख्या व प्रत्येकाचे माप तपशिलात सापडले नाही, तर विक्रेत्याकडून ते लेखी मागवून घ्यावे. त्याच वेळी फूटपट्टी घेऊन पेंडंटची लांबी-रुंदी कागदावर आखून पाहावी. खरेदीचा उत्साह अशा वेळी आपोआप ताळ्यावर येतो.

आता त्या इंग्रजी अक्षरांविषयी. पहिला भाग स्वच्छतेचा आणि दुसरा रंगाचा. ‘एसआय’ म्हणजे दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून जाणकाराला सहज दिसतील असे अंतर्गत दोष असलेला खडा. ‘व्हीव्हीएस’ म्हणजे त्याच भिंगातूनही मोठ्या कष्टाने दिसतील असे दोष असलेला. रंगाची श्रेणी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत जाते, ‘डी’ पूर्ण रंगहीन, पुढे पिवळसर झाक वाढत जाते. ‘ईएफ’ म्हणजे रंगहीन, ‘आयजे’ म्हणजे किंचित झाक असलेला. माझे स्पष्ट मत असे की, मोहरीएवढ्या खड्यांसाठी ‘व्हीव्हीएस-ईएफ’चे पैसे मोजणे व्यर्थ आहे. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात तो फरक घालणारीलाही दिसत नाही आणि पाहणारीलाही नाही. पेंडंट पांढऱ्या सोन्याचे असेल तर ‘आयजे’ऐवजी ‘जीएच’ घ्यावे. दुसरे असे की, असे बारीक खडे एकेक करून श्रेणीबद्ध केलेले नसतात. चाळणीने आकारानुसार निवडलेल्या मालाला मिळून एक श्रेणी दिलेली असते. हिऱ्याची चकाकी बहुतांशी पैलू किती अचूक पाडले आहेत यावर अवलंबून असते, आणि बारीक खड्यांच्या बाबतीत नेमकी हीच माहिती तपशिलात क्वचितच असते. ती डोळ्यांनीच पाहावी लागते. ज्या विक्रेत्याचे जवळच्या शहरात दुकान आहे, किंवा जो घरी आणून दाखवतो, त्याला म्हणूनच प्राधान्य द्यावे.

दागिना कसाही पाहिला, तरी पैसे भरण्यापूर्वी किमतीची फोड मागावी. हिशेबाला सोपे म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. पेंडंटचे एकूण वजन ४.१२० ग्रॅम आहे. साठ सेंट हिऱ्यांचे वजन ०.१२० ग्रॅम, ते वजा जाता निव्वळ सोने ४.००० ग्रॅम. हा आकडा पावतीवर वेगळा छापलेला असलाच पाहिजे. एकूण आणि निव्वळ वजन सारखेच दाखवले असेल, तर हिऱ्यांचे पैसे एकदा हिऱ्याच्या भावाने आणि पुन्हा सोन्याच्या भावाने लावले आहेत असे समजावे. १८ कॅरेटच्या चार ग्रॅम सोन्याचे ३०,००० रुपये झाले. हिऱ्यांचे ५४,००० आणि घडणावळीचे १६,००० धरले, तर एक लाख होतात. त्यावर तीन टक्के जीएसटी धरून १,०३,००० रुपये. उद्या हे पेंडंट त्याच विक्रेत्याला परत विकायचे झाले आणि त्याच्या अटींत हिऱ्याला ८० टक्के दर असेल, तर हाती येतात सोन्याचे ३०,००० (भाव तोच राहिला तर) आणि हिऱ्यांचे ४३,२००. घडणावळ आणि कर यांवर पाणी सोडायचे. इतर कोणाकडे गेलात तर हिऱ्याला काय मिळेल हे त्या दुकानदाराच्या मर्जीवर असते. सोने मोडताना आपण घट धरतो तशी हिऱ्याची घट आधीच धरून ठेवली, म्हणजे पुढे वाईट वाटत नाही.

या हिशेबातच ‘घडणावळीवर पूर्ण सूट’ कोठे बसते तेही दिसते. घडणावळीचे १६,००० शून्य करून हिऱ्यांचे ५४,००० हे ७०,००० केले, तरी बेरीज एक लाखच राहते. म्हणून सुटीचे आकडे बाजूला ठेवावेत आणि अंतिम किमतीतून सोने वजा करून उरलेल्या रकमेला हिऱ्यांच्या वजनाने भागावे. दोन संकेतस्थळांवर सारख्याच श्रेणीच्या व सारख्याच आकाराच्या खड्यांसाठी येणाऱ्या या आकड्यांची तुलना करावी. ‘आजीवन बदल’ आणि ‘रोख परत खरेदी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : पहिलीत दुसरा दागिनाच घ्यावा लागतो. या अटींचे पान खरेदीच्या दिवशीच उतरवून पावतीबरोबर ठेवावे, कारण संकेतस्थळावरचा मजकूर बदलतो, तुमच्याजवळची प्रत बदलत नाही.

एवढे सारे जुळत असेल तर खुशाल खरेदी करावी. दागिना आल्यावर परतीच्या मुदतीतच आपल्या सराफांना दाखवावा. मात्र दुसऱ्याकडून आणलेल्या मालाला नाक मुरडण्याची सवय आमच्या पेठांतून पूर्वापार आहे, तेव्हा त्यांचे मत विचारू नये, वजन व खड्यांची संख्या तेवढी मोजून घ्यावी.

प्रश्न : पत्नीसाठी ५० सेंटांचा सॉलिटेअर, म्हणजे एकच हिरा, बसवलेली अंगठी मागवली. सोबत जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र आले असून त्याचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासला असता बरोबर निघाला. अंगठीवर हॉलमार्कही आहे. आता शंकेला जागा नाही ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : थोडी आहे. हॉलमार्क सोन्याचा असतो. हिऱ्याविषयी तो काहीच सांगत नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक जुळला याचा अर्थ त्या क्रमांकाचे प्रमाणपत्र खरोखर अस्तित्वात आहे. तो हिरा आपल्याच अंगठीत आहे, हे अजून पाहायचे आहे.

जीआयए सुट्याच हिऱ्याची श्रेणी ठरवते, बसवलेल्याची नाही. तेव्हा आपला खडा कोंदणात बसण्यापूर्वी तपासलेला आहे, आणि तपासणीनंतर त्याच्या कडेवर, जिला व्यापारी ‘गर्डल’ म्हणतात तिच्यावर, लेसरने क्रमांक कोरलेला असू शकतो. तसे असल्यास प्रमाणपत्रात त्याचा उल्लेख असतो. हा क्रमांक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंगाखाली, चांगल्या उजेडात, खडा तिरका धरून पाहावा लागतो आणि कोंदणाच्या नखाखाली त्याची काही अक्षरे झाकलेलीही असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो खरचटल्याची रेघ वाटतो. सराफाकडे जाऊन तो एकदा वाचून घ्यावा. त्याच वेळी व्यास मोजावा : गोल ५० सेंटांच्या हिऱ्याच्या प्रमाणपत्रावर ५.११ – ५.१४ × ३.१५ मिलिमीटर अशा स्वरूपाची मापे असतात आणि कोंदणातील खड्याचाही व्यास मापकाने घेता येतो. वजन, माप आणि क्रमांक असे तिन्ही जुळले, तर निश्चिंत होण्यास हरकत नाही. नुसत्या क्रमांकावर विसंबू नये असे मी म्हणतो, कारण दुसऱ्याच नैसर्गिक हिऱ्याचा क्रमांक प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यावर कोरल्याचे प्रकार जीआयएने स्वतःच उघड केले आहेत. किंमत मोठी असेल तर मुंबईतील प्रयोगशाळेकडून फेरतपासणी करून घेण्याचा खर्च जड वाटू नये.

आयजीआयसारख्या हिरे तपासणाऱ्या इतर संस्था घडवलेल्या दागिन्याचेही प्रमाणपत्र देतात. ते उपयुक्त असते, पण त्यात वजन मोजलेले नसून मापावरून काढलेले असते आणि श्रेणीपुढे ‘कोंदणातून जेवढे दिसते त्यावरून’ अशा अर्थाची ओळ असते. ती वाचावी. ज्या प्रमाणपत्रात संस्थेचे नाव विक्रेत्याच्या नावाशी मिळतेजुळते असेल, त्याला प्रमाणपत्र न म्हणता जाहिरात म्हणावे.

सोन्यासाठी : अंगठीच्या आतल्या बाजूस बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे, चिन्ह, १८के७५० असा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असे तीन ठसे असतील. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक घातला की शुद्धता, हॉलमार्किंग केंद्र आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. बहुतेक जण शुद्धता पाहून थांबतात, प्रकारही पाहावा. हातात अंगठी आणि ॲपवर ‘कानातले’ असे आले, तर ठसा दुसऱ्याच दागिन्याचा आहे.

प्रश्न : एका संकेतस्थळावर एक कॅरेटच्या हिऱ्याच्या कुड्या इतक्या स्वस्त दिसल्या की विश्वास बसला नाही. मागवल्या. ओळखीच्या दुकानदाराने टेस्टर लावताच तो वाजला, म्हणजे हिरा खरा आहे. सासरे मात्र हातोडीने ठोकून पाहा म्हणतात. खरे काय?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : प्रथम हातोडी खाली ठेवण्यास सांगावे. घणाचे घाव सोसतो तोच खरा हिरा, हा दाखला कीर्तनात शोभतो. घरी करून पाहिला तर खराच हिरा फुटेल. हिरा सर्वांत कठीण, याचा अर्थ त्याच्यावर दुसऱ्या पदार्थाचा ओरखडा उठत नाही. ठराविक चार दिशांनी मात्र तो आघाताने चिरफाळतो, आणि कारागीर पिढ्यान्‌पिढ्या याच गुणाचा उपयोग करून कच्चा हिरा फोडत आले आहेत.

टेस्टर वाजला हे खरे, पण तो उष्णता किती झटकन वाहते एवढेच मोजतो. ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकला जाणारा झिर्कोनियाचा खडा त्यात नापास होतो. मॉयसनाइट हा सिलिकॉन कार्बाइडचा खडा मात्र साध्या टेस्टरला सहज फसवतो; तिरप्या कोनातून भिंगाने पाहिल्यास त्याच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, ही त्याची खूण. आणि प्रयोगशाळेत घडवलेला, म्हणजे लॅब-ग्रोन, हिरा टेस्टरला फसवत नाहीच, कारण तो हिराच असतो : तोच कार्बन, तीच रचना, तीच कठिणता. आपण लिहिलेली किंमत पाहता आपल्या कुड्या याच जातीच्या असाव्यात. नैसर्गिक आणि लॅब-ग्रोन यांतला भेद डोळ्यांनी, भिंगाने किंवा साध्या टेस्टरने कळत नाही. त्याला प्रयोगशाळेतील उपकरणे लागतात. आधी कागद पाहावेत. लॅब-ग्रोन हिऱ्याच्या अहवालावर तसे स्पष्ट छापलेले असते आणि आयजीआयच्या अशा अहवालाचा क्रमांक ‘एलजी’ या अक्षरांनी सुरू होतो.

हा प्रकार काही काल-परवाचा नाही. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने प्रचंड दाब व उष्णता देऊन हिरा बनवल्याचे १९५५ साली जाहीर केले होते. हल्ली दुसरी रीत अधिक चालते : हिऱ्याची पातळ चकती ‘बी’ म्हणून बंद कक्षात ठेवतात, त्यात मिथेन व हायड्रोजन वायू सोडून तापवतात आणि मिथेनमधला कार्बन त्या चकतीवर थरावर थर बसत काही आठवड्यांत जाड खडा तयार होतो. सुरतेत हा उद्योग मोठा आहे. २०२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या ‘बियां’वरील सीमाशुल्क काढून टाकण्यात आले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला. तेव्हा त्याला नकली म्हणणे चूक आहे. पण कारखान्यात हवा तेवढा तयार होत असल्यामुळे त्याचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळले आहेत आणि मोडायला गेल्यावर त्याला फारसे कोणी विचारत नाही. हौसेने घालायला उत्तम. अडीअडचणीला उपयोगी पडावा म्हणून घेतला असेल तर निराशा होईल. विक्रेत्याने आधीच ‘लॅब-ग्रोन’ असे सांगितले होते का, हा आपल्या प्रकरणातील खरा प्रश्न आहे. सांगितले नसेल, बारीक अक्षरांत दडवले असेल किंवा नुसते ‘खरा हिरा’ म्हटले असेल, तर पुढील उत्तर आपल्यालाही लागू पडते.

प्रश्न : हिऱ्यांची अंगठी सैल झाली म्हणून परतीच्या मुदतीत परत पाठवली. ‘४० मिलिग्रॅम वजन कमी भरले’ असे सांगून विक्रेत्याने परतावा नाकारला आहे. दूरध्वनीवर प्रत्येक वेळी नवा माणूस बोलतो. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चाळीस मिलिग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटते. ते १८ कॅरेट सोने असेल तर वरच्या हिशेबाच्या भावाने अवघे ३०० रुपये होतात. पण ४० मिलिग्रॅम म्हणजे २० सेंट, आणि हिरा असेल तर तो चांगला मोठा खडा झाला. विक्रेत्याला पहिला प्रश्न लेखी हाच विचारावा : कमी भरले ते सोने की खडा? खडा असेल तर कोणता, आणि रिकाम्या कोंदणाचे छायाचित्र कोठे आहे? खडे सगळे जागेवर असतील, तर एवढ्याशा फरकासाठी संपूर्ण परतावा अडवण्याला आधार उरत नाही.

अंगठी केवळ सैल होती, म्हणजे ती सदोष नव्हती. अशा वेळी परत घेण्याचे बंधन कायद्याने सरसकट घातलेले नाही, ते विक्रेत्याच्या स्वतःच्या जाहीर अटींतून येते. अटी जाहीर केल्यावर त्या पाळाव्या लागतात. वस्तू सदोष किंवा बनावट असेल, अथवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर मात्र ती परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, असे २०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत आहे. याच नियमांनुसार प्रत्येक संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क असला पाहिजे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. दूरध्वनी बंद करून त्या अधिकाऱ्याला ईमेल पाठवावा. त्यात पावती, पार्सलच्या पोचपावतीवरील वजन आणि अंगठी पाठवताना काढलेली छायाचित्रे जोडावीत. महिन्याभरात काही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. तेथे पुष्कळदा प्रकरण मिटते. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता बंगळूरचा असो की दिल्लीचा, २०१९च्या कायद्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून घरबसल्याही करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे, पण पुरावे ताजे असताना गेलेले बरे.

इतरांसाठी एक सूचना : पार्सल स्वीकारताना शिक्का सुस्थितीत आहे का पाहावे, आणि उघडण्यापासून दागिना तराजूवर ठेवेपर्यंत एकसलग चित्रीकरण करावे. परत पाठवतानाही हाच क्रम उलटा करावा. तराजू मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. किराणा दुकानातला चालत नाही.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेल्या हिऱ्याच्या मोरणीवर हॉलमार्कच नाही. फसवणूक झाली का?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या सोन्याच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही आणि मोरणी क्वचितच तेवढी भरते. पावतीवर निव्वळ सोने, त्याची शुद्धता आणि हिऱ्याचे सेंट लिहिले आहेत का, एवढे पाहावे. शुद्धतेविषयी शंका असेल तर बीआयएसमान्य केंद्रात थोडे शुल्क भरून ग्राहकालाही दागिना तपासून घेता येतो. मोरणीची फिरकी मात्र आजच घट्ट आहे का पाहून घ्यावी.